एमिल रोडरचा पट्टेरी सदरा

समारंभाच्या अध्यक्ष श्रीमती लोइस ब्रँट, व्यासपीठावरचे महापौर श्री. गॅरेट आणि पाद्री हॉलिस, आजचे सत्कारमूर्ती श्री. वेंडेल ऑकरमन, आणि भाषणं कधी संपतात म्हणून मागच्या टेबलावरच्या केककडे डोळे लावून बसलेल्या माझ्या हार्लन फॉल्सच्या मंडळींनो,

एकतीस वर्षं आपलं संग्रहालय सांभाळून श्री. ऑकरमन आज निवृत्त होत आहेत. हे 'श्री. ऑकरमन' मला पुढे झेपणार नाही. शाळेत हा माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि तेव्हाही खेळ बघायचा सोडून खेळाडूंच्या मोज्यांचे रंग वहीत लिहून ठेवायचा. तेव्हा वेंडेलच म्हणते.

पहिल्यावहिल्या पगारी बेसबॉल संघांचे गणवेश हा त्याचा विषय. बटणं किती, कॉलर कसली, पट्टा कुठल्या कातड्याचा. माणसानं आयुष्य घालवावं असा हा विषय आहे का? तीन वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं, तर मी सरळ 'नाही' म्हणाले असते. पण त्या वर्षी मी त्याच्याकडे एक कागदी पिशवी घेऊन गेले.

पिशवीत एक सदरा होता. जुना, विटलेला, काळ्या आणि मळकट पट्ट्यांचा. माझ्या आईच्या पेटीत, गोधड्यांच्या तळाशी तो कायम असायचा. आईचे आजोबा एमिल रोडर यांचा. आई लहान असताना तिच्या आजीनं एवढंच सांगितलं होतं, "एक उन्हाळाभर ते घरी नव्हते. कुठे होते ते विचारायचं नाही." पट्ट्यांचा सदरा आणि उन्हाळाभर गायब! आईनं दोन आणि दोन चार केले आणि मनाशी धरून बसली की आजोबा तुरुंगात होते. कैद्यांच्या कपड्यांवर पट्टे आडवे असतात, या सदऱ्यावर उभे होते. पण घाबरलेल्या माणसाला आडवं-उभं कुठलं दिसतंय?

गावच्या स्थापनादिनाच्या जेवणाला जुन्या घराण्यांची नावं पुकारतात. ज्याचं नाव येईल त्यानं उठून आपल्या पूर्वजाबद्दल चार शब्द बोलायचे. आपल्याला वाटायचं, वेल्माबाईंचे, म्हणजे माझ्या आईचे, गुडघे नेमके त्याच दिवशी कसे दुखतात? गुडघे ठणठणीत होते हो! तिला उठून उभं राहायची लाज वाटायची. तीन वर्षांपूर्वी दवाखान्यातून घरी आल्यावर ती मला म्हणाली, "डोरीन, मरायच्या आधी मला खरं काय ते कळू दे."

वेंडेलनं सदरा हातात घेतला आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? "डोरीन, सरकार कैद्यांना रेशीम कधीपासून द्यायला लागलं?"

मग त्यानं कॉलरची शिवण दोन बोटं उसवली. आत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे मळकट पट्टा चक्क नारिंगी होता. अठराशे ब्याऐंशीच्या हंगामात मोठ्या संघांनी एक टूम काढली होती: मैदानावर ज्याची जी जागा, तिचा त्याला वेगळा रंग. चेंडू टाकणाऱ्या पिचरला एक, तो झेलणाऱ्या कॅचरला दुसरा. उन्हाळाभर गावोगाव खेळत फिरणाऱ्या आपल्या संघानंही हौसेनं नक्कल केली. तेव्हाच्या वर्तमानपत्रानं लिहिलं होतं, 'मैदानावर नऊ पडदे वाळत घातल्यासारखे दिसत होते.' नारिंगी-काळा रंग मैदानातल्या दुसऱ्या बेसवर उभ्या राहणाऱ्याचा. वेंडेलनं खेळाडूंची यादी शोधली. दुसरा बेस, ई. रोडर.

एमिलचे वडील पाद्री होते, हे आपण जाणताच. घरात बायको, पाळण्यात मूल, आणि पाद्र्याचा मुलगा पैसे घेऊन चेंडूमागे धावतोय! घरानं तोंड मिटलं. पुढे कशाबद्दल मिटलं तेच सगळे विसरले, मिटलेलं तोंड मात्र तसंच राहिलं.

मी आनंदानं म्हटलं, "चल, आत्ताच आईला सांगू, आजोबा तुरुंगात गेलेच नव्हते!"

वेंडेल म्हणाला, "सदरा खेळाडूचा आहे, एवढंच सदरा सांगतो. तुरुंगात गेले नव्हते, असं तो सांगत नाही."

मी भडकले. म्हटलं, "अरे, पंच्याऐंशी वर्षांची बाई आहे! 'नाही' म्हणून टाकलंस तर तुझं काय जातंय?"

"तिनं मला खरं विचारलंय," तो म्हणाला. "एकदा मनानं 'नाही' सांगितलं, की माझ्या 'हो'वर तरी कोण विश्वास ठेवेल?"

दोन महिने तो न्यायालयाच्या तळघरात तुरुंगाच्या जुन्या नोंदी वाचत होता. मी त्याच्याशी बोलत नव्हते. आणि एके दिवशी तो टोपी हातात घेऊन आमच्या दारात उभा. लहानपणी रविवारच्या वर्गात आईनंच त्याला बायबल शिकवलेलं, त्यामुळे खाली मान घालून म्हणाला, "बाई, नाव सापडलं. एमिल रोडर. तुरुंगात होते."

आईनं विचारलं, "किती दिवस?"

"रविवार दुपार ते सोमवार सकाळ. सगळा संघच होता, बाई. रविवारी खेळायला तेव्हा कायद्यानं बंदी होती, तरी खेळले म्हणून धरून नेलं."

आई अशी हसली, अशी हसली की मी पाणी आणायला धावले. "रविवारी!" ती डोळे पुसत म्हणत होती, "पाद्र्याचा मुलगा, आणि रविवारी!" आणि हसता हसता रडायला लागली. वेंडेल तिचा हात धरून बसून राहिला. मीही रडले, लपवत नाही.

सदरा संग्रहालयाला द्यायचं ठरलं. खालच्या पाटीचा मजकूर वेंडेलनं आईला वाचून दाखवला आणि म्हणाला, "तुमची इच्छा नसेल, तर तुरुंगाचा उल्लेख गाळतो. पाटी कपड्याबद्दलची आहे, गाळला तरी ते खोटं होणार नाही."

आई म्हणाली, "गाळू नकोस. आयुष्यभर मी तेवढंच वाचत आले. आता लोकांना पुढचंही वाचू दे."

वेंडेल, पुराव्याशिवाय तू एक शब्द लिहीत नाहीस. मीही आज पुराव्यावाचून तुझी स्तुती केलेली नाही. माझा पुरावा तिसऱ्या रांगेत बसला आहे, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. यंदाच्या स्थापनादिनाला 'रोडर' पुकारल्यावर तो सगळ्यात आधी उठला होता, आणि त्याला खाली बसवायला आम्हाला वीस मिनिटं लागली.

आपण माझं बोलणं गोड मानून घेतलंत, आयोजकांनी मला संधी दिली, सर्वांचे मनापासून आभार. घरातलं जरा जास्तच बोलले असेन, काही चुकलंमाकलं असेल, तर पोटात घाला. आणि आई, आता तूच ऊठ आणि वेंडेलला हार घाल.