ती ओळ कोनं काढली?

सौंसरच्या बसस्टँडवर मंगला नागपूरच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावर लेकीला पोचवायला आलेला एक बाप बसला होता, आणि दोघांचं बोलणं तिला स्पष्ट ऐकू येत होतं.

“उर्वशी, तू लिवलेलं पुस्तक मानूस वाचतच नाही म्हनतं?”

“नाही बाबा, एआय वाचते. वाचून कॉम्प्युटरवर गेम बनवते. कोनती कमांड काय करते, थे मी लिहून देते.”

“मंग बिघडलं काय?”

“एक कमांड अख्खा गेम पुसून टाकते, विचारत बी नाही. मी लिवलं होतं, ‘हे चालवाच्या आधी मानसाले विचार.’ नागपूरच्या कंपनीतल्या आमच्या सरनं थे ओळच काढून टाकली. म्हने, गिऱ्हाईक भेते.”

“अन्?”

“अन् एआयनं पुसला ना! गेम बनवनाऱ्या चार पोरींची आठ महिन्यांची मेहनत गेली. आता सर म्हनते, चूक माही होती असं लिहून दे.”

“वा रे वा! फवारनीच्या डब्यावरचा ‘धोका’ खोडाचा त्यानं, अन् बदनाम व्हाचं तू?”

“सकाळीच मी थे ओळ परत टाकली. काढ म्हनून फोन आला. मी म्हटलं, सर, या खेपेस तुमच्या नावानं काढा.”

“मंग?”

“फोन ठेवला त्याईनं. ओळ तिथंच हाय.”

“मंग नागपूरले काहाले चालली?”

“लिहून देत नाही, हे तोंडावर सांगाले.”

गाडी लागली. लेकीच्या मागोमाग बापही चढला.

“बाबा, तुमी कुठं येऊन राहिले?”

“मले बी त्याचं तोंड पाहाचं हाय.”