हार्श आणि आमची ही

...नाही, पण मी म्हणतो, एवढी मोठी इंग्रजी भाषा, तीत माझ्याच वाट्याला हा शब्द का यावा? हार्श! शब्दकोशाच्या कचेरीत मी तात्पुरता चिकटलेला माणूस, ही एक नोंद पास झाली की कायम, नाहीतर घरी. शेजारच्या टेबलाला मिळाला 'हनी'. मध! आणि मला हार्श! नशीब, दुसरं काय!

तुम्हाला सांगतो, अर्थ चुटकीसरशी झाले. हाताला खरखरीत, कानाला कर्कश, जिभेला खवट आणि वागायला कठोर. मूळ म्हणाल तर उत्तरेकडच्या थंड देशांतलं, तिथे अजूनही खवट लोण्याला याचाच भाऊबंद शब्द वापरतात. काही पंडित म्हणतात, छे, मूळ अर्थ केसाळ! केसाळ... खवट... असं पुटपुटत मान वर केली तर समोर आमचे मुख्य संपादक. कानांवर केसांची झुडपं, चेहरा असा की दूध नासावं. म्हटलं, व्युत्पत्ती पायांनी चालत आली!

"उदाहरणं कुठायत?"

"रचतो ना साहेब."

"रचतो? अहो, हा कोश आहे, कीर्तन नाही! वाक्य कानांनी ऐकलेलं हवं. आणि कोण बोललं तेही खाली लिहायचं!"

आता अशी वाक्यं आणू कुठून? घरी गेलो. शोधावं लागलंच नाही हो! बायकोला सगळं समजावून सांगायला लागलो, जरा जवळ सरकलो, तर, "लांब व्हा, ती दाढी आहे की भांडी घासायची घासणी?" झालं खरखरीत! खुशीत शीळ घातली. "अहो, शेजारी आजारी आहेत, त्यांना वाटेल यमदूत न्यायलाच आले." झालं कर्कश! तिनं डब्याचं झाकण उघडून वास घेतला. "लोणी खवट झालंय. टाकू नका, तुम्ही खा, तुम्हाला कुठे काय कळतं?" मी खाल्लं आणि लिहून घेतलं! राहिलं कठोर. म्हटलं, "अगं, समजा मी उद्या मेलो, तर रडशील ना?" माउलीनं खरोखर विचार केला हो. म्हणाली, "रडेन की. पण कांदा हाताशी ठेवावा लागेल."

काळीज चिरलं. पण वाक्य? वाक्य सोन्यासारखं! नशीब, दुसरं काय! प्रत्येकाखाली प्रामाणिकपणे लिहिलं: नोंदकाराची पत्नी.

संपादकांनी वाचलं आणि हसले! तो माणूस हसला! कांद्यापाशी तर डोळे पुसले. "नोंद पास! इतकी जिवंत उदाहरणं या कचेरीत आजवर आली नाहीत!"

मी उभ्या उभ्या कायम झालो मनातल्या मनात. म्हटलं, "मग साहेब, माझं..."

"तुमचं काय? अर्थ जुन्या कोशांतून काढलेत, मूळ पंडितांचं, वाक्यं बाईंची. तुमचं यात अक्षर तेवढं आहे, तेही लागत नाही. उद्या बाईंना पाठवा. कायम करतो."

वाटलं, ही तरी नाही म्हणेल. नवऱ्याची जागा आहे! तर म्हणाली, "बरं झालं, कोणी एक तरी कायम झालं घरात."

आता ती जाते, मी तिचा डबा भरतो. काल पोळी करपली. त्यावरून मला जे काही बोलली... बोलता बोलता मधेच थांबली, म्हणाली, "थांबा हं, हलू नका," आणि पेन शोधायला गेली. मी उभाच होतो हो, हातात करपलेली पोळी घेऊन.