सहाशे यार्डांवरचा एल्क

मोंटानातल्या शिकारीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे ऑरिन आणि त्याची बायको व्हर्ना उभे होते. ऑरिनच्या हातात लेसरनं अंतर मोजायचं यंत्र होतं.

"उघड्या दारातून तो खांब दिसतोय ना? दीडशे यार्ड! डोळे मिटून सांगतो."

"यंत्र काय म्हणतंय?"

"नव्वद. बिघडलेलं दिसतंय."

"मग हे दुसरं बघ."

"हेही मेलं नव्वदच म्हणतंय!"

"घेऊनच टाक. घरी गेल्यावर आधी आपलं कुरण मोजू."

"कुरण कशाला?"

"अरे, भिंतीवर ज्याचं शिंगांसकट मुंडकं टांगलंयस, तो हरणासारखा धिप्पाड एल्क तू फाटकातून सहाशे यार्डांवर टिपलास ना? तो ज्याच्याखाली पडला ते पाइनचं झाड अजून तिथंच आहे."

"व्हर्ना... यंदा नुसती दुर्बीणच घेऊया का गं?"