नॅस्टीचे सात अर्थ

"वाईट"! एवढंच? नॅस्टी म्हणजे वाईट, पुढे पूर्णविराम, झालं? तुम्हाला सांगतो, संपादकबाईंनी माझ्या कागदावर लाल पेननं हे लिहून तो परत पाठवला तेव्हा माझं डोकंच फिरलं. आपल्या बोलण्यात घुसलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश करतोय आम्ही, सहा वर्षं, आणि त्यातला हा मला मिळालेला पहिला स्वतंत्र शब्द. तोवर मी काय केलं? दुसऱ्यांनी टिपलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या अकारविल्हे लावल्या. म्हटलं, बाई, सात अर्थ आहेत, एकही कमी करणार नाही.

आता आमच्याकडे पद्धत अशी, की अर्थ मनानं लिहायचा नाही. कुणाच्या तरी तोंडून खरोखर ऐकलेलं वाक्य हवं, आणि कोण, कुणाला, कशावरून बोललं ते चिठ्ठीवर जिथल्या तिथं टिपायचं. म्हणजे दिवसभर खिशात चिठ्ठ्या आणि कान टवकारलेले. डॉक्टरीणबाई माझा अंगठा बघून म्हणाल्या, "नॅस्टी जखम आहे हो ही." मी कळवळत होतो, पण दुसऱ्या हातानं लिहिलं! जखम वाईट कशी असेल हो, चिघळलेली असते. शेजारचे काका जिन्यातून, "कसला नॅस्टी वास येतोय, ते बूट आत घ्या आधी." वास वाईट? वास नकोसा! मुलगी म्हणाली, "बाबा, दात कोरत फोनवर बोलायची तुमची सवय नॅस्टी आहे." म्हणजे किळसवाणी. लिहिलं. सात अर्थ आहेत, सात.

शेवटी राहिला माणसाला लावायचा अर्थ, तो काही केल्या मिळेना. आणि एका रविवारी बायको माझ्यावर भडकली. कारण? मेहुणीच्या स्वयंपाकाबद्दल मी मेहुणीसमोरच काहीतरी बोललो, ते जाऊ द्या... "मुद्दाम टोचून बोलता. नॅस्टी माणूस आहात तुम्ही." अहो, मला इतका आनंद झाला! म्हटलं, "थांब, 'मुद्दाम'पासून परत सांग." तिनं सांगितलं. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मग दोन दिवस माझं ताट माझं मीच वाढून घेतलं. पण चिठ्ठी मिळाली ना? खवचट! याला नुसतं वाईट म्हणून कसं भागेल?

तर गेलो बाईंकडे. म्हटलं, सात अर्थ आहेत, ते सात छापा, नाहीतर माझा राजीनामा घ्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे. उद्याच्या बैठकीत चिठ्ठ्या वाचून दाखवा. सगळ्या. कशावरून बोलले त्यासकट."

तिथं नऊ जणांसमोर उभा राहिलो आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं... माझा अंगठा, माझे बूट, माझी सवय, मी केलेला चहा, माझे विनोद, माझं घोरणं, माझी जीभ. सातही चिठ्ठ्या माझ्यावरच! अजूनही सुटता आलं असतं, "वाईट पुरे" म्हणायचं आणि खाली बसायचं. नाही बसलो. वाचल्या. खणखणीत आवाजात. टंकलेखिका हसून हसून टेबलावर आडवी झाली, तरी वाचल्या.

सात अर्थ मंजूर झाले. बाई म्हणाल्या, इतका भक्कम पुरावा या कोशात दुसऱ्या कुठल्याच शब्दाला नाही. मग त्यांनी "हॉरिबल"च्या चिठ्ठ्यांचं रिकामं पाकीट माझ्यापुढं सरकवलं. म्हणाल्या, "हाही तुम्हीच करा. तुम्हाला बाहेर कुठं हिंडावं लागणार नाही."