आज कोरडं काही केलेलं नाही

समारंभाचे अध्यक्ष, रेल्वेतले निवृत्त साहेब माननीय शामराव दिघे. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या चिटणीस शालिनीताई. या जागेचे मालक सुखदेवजी. पुढच्या खुर्च्यांवरची बँकेतली, विम्यातली साहेबमंडळी आणि त्यांच्या बायका. आणि मागं भिंतीला टेकून उभी असलेली आमची रेल्वे कॉलनीतली माणसं. पुढच्यांना नमस्कार, मागच्यांना जयभीम. माझा राजन म्हणाला होता, ‘आई, आज नुसता नमस्कार कर.’ केला की. वर थोडं जास्त झालं, एवढंच.

शालिनीताईंनी ओळख करून देताना मला आदर्श माता म्हटलं. तीन पोरं झाली, त्यातला हा एक वाचला. त्यात माझा आदर्श कसला? शाल मात्र चांगली आहे. जयपूरच्या थंडीला चालेल. नारळही खणखणीत आहे. आभारी आहे.

राजनच्या भोजनालयाचं आज उद्घाटन. आपल्या या सोडाला भागात वस्ती वाढतेय. दर महिन्याला कुणाचा तरी बदलीचा ट्रक इथं रिकामा होतो. नवीन माणसाला आठ दिवसांत घरच्या जेवणाची आठवण येते. राजनचा हिशेब बरोबर आहे. स्टेशनसमोरच्या हॉटेलात तो आधी वाढपी होता, मग मॅनेजर झाला. गिऱ्हाईक त्याला कळतं. तरी मला विचाराल तर हे भोजनालय चालेल असं काही मला वाटत नाही. शुभप्रसंगी असं बोलू नये म्हणतात. मग मला बोलायला उभं करू नये.

मी शाळा पाहिली ती बाहेरून. कॉलनीत संध्याकाळी बायकांचा वर्ग भरायचा, तिथं अक्षरं शिकले. पाट्या वाचता येतात. तुम्ही सगळे आत येताना बाहेरच्या पाटीखालून आलात. वर ‘महाराष्ट्र भोजनालय’, आणि खाली लाल रंगात, ‘शुद्ध ब्राह्मण रसोइए के हाथ का भोजन’. तुमच्या घरी आलेल्या कार्डावरही तेच छापलंय.

आज सकाळपासून ते खोटं आहे.

राजन, बस. माईकला हात लावू नकोस.

चौमू गावाकडचे एक महाराज राजननं स्वयंपाकाला ठेवले होते. हाताला चव होती, माणूसही वाईट नव्हता. आज सकाळी मी भटारखान्यात गेले, तर ते आपला झारा कापडात गुंडाळत होते. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, ‘बाईजी, पहले बता देते. मुझे गाँव में जवाब देना पड़ता है.’ डोळ्यांत पाणी होतं बिचाऱ्याच्या. कुणीतरी त्यांना काल सांगितलं, की हे लोक कोण आहेत. परक्यानं नाही सांगितलं. इथल्या परक्यांना आमचं आडनाव ऐकून काही कळत नाही. ते कळतं फक्त आपल्या मराठी माणसाला. कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. नाव घेत नाही. त्यांनी पुढची खुर्ची पकडली आहे, आरामात बसू द्या.

महाराज मळलेली कणीक ठेवून गेले. ती मी टाकून दिली नाही. तेवढी मी उदार आहे.

मग राजन म्हणाला, ‘आई, तू आणि जयंती स्वयंपाक करा, पण कुणाला कळू देऊ नका. फक्त आजचा दिवस.’ जयंती म्हणजे माझी सून. ती म्हणाली, ‘आत्याबाई, ऐका त्यांचं. एवढं निभावू द्या.’ मी दोघांना हो म्हटलं. हो म्हटल्याशिवाय मला इथं बोलायला कुणी उभं केलं असतं?

पोराची भीती खोटी नाही. हॉटेलातली नोकरी त्याला जात गिळून मिळाली. पण मीही काही फार सत्याची पुतळी नाही. मला हिशेब कळतो तो एवढाच, की आज तुम्ही न कळता जेवलात आणि उद्या कळलं, तर परवा येऊन म्हणाल, आम्हाला बाटवलं. मग खुर्च्या मोडतील, भांडी फुटतील, आणि राजनला सोडाल्यात कुणी पाण्याला उभं करणार नाही. आत्ता कळलं तर फार तर उठून जाल. खुर्च्या तरी शाबूत राहतील.

आमच्या मालकांची, शेषरावांची, एक गोष्ट सांगते. अध्यक्षसाहेब, तुम्हाला आठवेल. इथल्याच रेल्वेच्या शेडमध्ये ते फिटर होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मनात होतं की सगळ्यांना घरी बोलवावं आणि जेवू घालावं. निवृत्त होणाऱ्यानं घालायचीच असते पंगत, सगळे घालतात. मी तांदूळ निवडून ठेवले होते. तुम्ही म्हणालात, ‘शेषराव, वहिनींना त्रास कशाला? शेडमध्येच आटोपू. फळं ठेवू.’ तुम्ही भाषण केलंत. चांगलं होतं, शेषराव माझा भाऊ आहे असंही त्यात होतं. आणि मग सगळ्यांना केळी वाटली. केळ्याला साल असते, साहेब.

घरी येऊन निवडलेले तांदूळ त्यांनी स्वतः उचलून डब्यात भरले. त्यानंतरचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. केळ्यानं माणूस मरत नाही, त्यांना दम्यानं नेलं. पण ते असते तर आज इथं उभे राहिले असते आणि मी आत भाकऱ्या थापल्या असत्या. मला हे बोलणं-बिलणं आवडत नाही.

शालिनीताई, मान खाली घालू नका, तुम्हाला वेगळं काही बोलत नाही. दर दिवाळीला माझा चिवडा, माझे लाडू तुम्ही कौतुकानं नेता. डबा धुऊन परत करता, त्यात साखर घालून. पण भाकरी खायला बसा म्हटलं की तुमचा उपास असतो. कोरडं चालतं, ओलं चालत नाही. भात, वरण, भाकरी, ज्याला पाणी लागतं ते आमच्या हातचं नको. हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं.

तर आज कोरडं काही केलेलं नाही. भात आहे, वरण आहे, वांग्याची भाजी आहे, झुणका आहे. महाराजांच्या कणकेच्या पोळ्या आहेत. भाकऱ्या गरम गरम होतील. लाडू नाही, चिवडा नाही. केळीही नाहीत.

सुखदेवजी, आप कबसे पूछ रहे हैं, बुढ़िया क्या बोल रही है. सुनिए. महाराज सुबह चले गए. खाना मैंने और बहू ने बनाया है. हम लोग महार थे, अब बौद्ध हैं. दुकान आपकी है, रखना न रखना आपके हाथ में है.

सुखदेवजी चष्मा पुसतायत. पुसू द्या. राजन, त्यांच्याकडं असं बघू नकोस, तू भीक मागत नाहीस. भाडं देतोस. आणि उद्या त्या पेंटरला बोलाव, पाटीवरची खालची ओळ पुसून टाकू दे. राहिलं भोजनालय तर पाटी खरी होईल, नाही राहिलं तर निदान खोटी पाटी उतरवावी लागणार नाही.

आपण सगळे वेळात वेळ काढून आलात. मांडव घालणाऱ्यांनी, खुर्च्या आणणाऱ्यांनी मेहनत घेतली. अध्यक्षसाहेबांनी माझं एवढं ऐकून घेतलं, मध्ये घंटी वाजवली नाही. सगळ्यांची मी आभारी आहे. म्हातारीच्या तोंडाला लगाम नाही. कुणाच्या मनाला लागलं असेल तर पोटात घाला. मीठ कमी लागलं तर मात्र मागून घ्या, ते पोटात घालू नका.

मी आता चुलीपाशी जाते. इथं उभी राहून कोण बसलं, कोण उठलं हे बघायची मला हौस नाही. खुर्च्या सरकल्याचा आवाज आत येतो. त्यावरून मला कळेल, किती भाकऱ्या थापायच्या ते.