विरोधातला फोन

मी मूळची सांगलीची, गावभागातली. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, आणि बारावी झाले न झाले तोच मी टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर म्हणून चिकटले, म्हणजे ही जी बाई तुमच्यासमोर बसलीय ना, तिनं उभ्या जिल्ह्याचे ट्रंककॉल जोडलेत. कानाला हेडफोन लावला की माणूस दिसायचं नाही, नुसता आवाज. आम्हाला शिकवलेलं की लाइन जोडायची आणि बाजूला व्हायचं, आतलं ऐकायचं नाही. ऐकायचो की सगळ्या, खोटं कशाला बोलू, पण चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हे मात्र तिथं पक्कं शिकले, आणि तेच मला पुढं नडलं.

लग्न झालं, चिंचवडला आले. हे तिथं मोठ्या कारखान्यात डिझाइनला, मेकॅनिकल इंजिनियर, हाताखाली माणसं होती. मग कुणीतरी डोक्यात घातलं की न्यूझीलंडला पॉइंट्सवर घेतात, शिक्षणाचे इतके, अनुभवाचे इतके, आणि आम्हाला ते मिळाले हो, भरपूर मिळाले. म्हणजे सरकारनं आम्हाला तपासून पारखून घेतलं असं आम्हाला वाटलं. काय सांगू तुम्हाला, विमानात मी नवी पैठणी नेसून बसले होते. ऑकलंडला उतरले तर पाऊस आणि गार वारा, आणि मी त्या पैठणीत काकडतेय.

पुढचं तुम्हाला माहीत असेल, सगळ्यांचं तेच झालंय. ह्यांनी अर्ज केले, किती केले ते मोजायचं सोडून दिलं, आणि जिथं जातील तिथं एकच विचारायचे, इथला अनुभव आहे का. आता इथं कुणी कामच दिलं नाही तर अनुभव येणार कुठून, पण हे विचारायची सोय नव्हती. शेवटी सुपरमार्केटमध्ये लागले. लोक सामान गाडीत भरून ट्रॉल्या पार्किंगमध्ये सोडून जातात, त्या गोळा करून, एकात एक घालून ढकलत आणायच्या. आम्ही राहायला सँडरिंगहॅमच्या जवळ, तिथं आपलं सगळं जग खरेदीला येतं, म्हणून ह्यांनी मुद्दाम शहराच्या पार टोकाचं, पापाकुराचं दुकान बघितलं. पहाटेची ट्रेन धरून जायचे. ह्यांनी बघितलं असं मी सांगते खरं, पण पापाकुरा मीच सुचवलं होतं.

इथल्या मराठी मंडळात मी सांगितलं की हे हॅमिल्टनला एका कंपनीत आहेत, मशिनरीच्या. का सांगितलं? कुणी विचारलं म्हणून सांगितलं. सुलभाताई म्हणून आहेत, गणपतीचं सगळं त्याच बघतात, त्या म्हणाल्या, अगंबाई रोज हॅमिल्टन, एवढं ड्रायव्हिंग? मी म्हटलं हो, सवय झाली त्यांना. आणि तेच मी सांगलीला कळवलं, आईला, आणि विलासला. विलास माझा धाकटा भाऊ, साखर कारखान्यात केमिस्ट, चांगला कायम झालेला. त्यानं ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात वारं शिरलं, ताईचं झालं तर माझंही होईल. फॉर्म भरले, परीक्षा दिली, कारखान्यात राजीनामा द्यायच्या गोष्टी करायला लागला.

हे मला म्हणायचे, विलासला खरं काय ते सांग. मी म्हणायचे, सांगते. परत म्हणायचे, तर मी भांडी आपटायचे. मग त्यांनी म्हणायचं सोडलं.

मधल्या काळात मला काम लागलं, आणि तेही माझ्याच लायनीतलं. आपला हिंदी रेडिओ होता एक, सकाळी त्यावर बोलण्याचा कार्यक्रम असायचा, लोकांनी फोन करायचे आणि मतं मांडायची. सतीशभाई म्हणून फिजीचे गृहस्थ तो चालवायचे, आवाज भारदस्त, माणूस मऊ. मी बाहेरच्या खोलीत फोन उचलायचे. नाव काय, कुठून बोलताय, काय बोलणार, आणि ते टाइप केलं की आत सतीशभाईंच्या स्क्रीनवर दिसायचं, आणि शेवटी एक शब्द, बाजूनं किंवा विरोधात.

तो शब्द का, ते सांगते, कारण सगळं रामायण त्यावरनं झालं. इथं रेडिओला सरकारी नियम आहे. वादाचा प्रश्न असला, राजकारणाचा, तर एकाच बाजूचा घोषा लावायचा नाही. दुसऱ्या बाजूलाही बोलायची खरीखुरी संधी द्यायची, त्याच कार्यक्रमात, नाहीतर तो विषय तापलेला आहे तोवर पुढच्या एखाद्या. नाही दिली तर ऐकणारा तक्रार करू शकतो, आधी स्टेशनकडं आणि समाधान नाही झालं तर वरती. आणि आमच्याकडं एक तक्रार आली होती. स्टेशनच्या मालकांनी हाय खाल्ली. मला बोलावून सांगितलं, विरोधातला फोन आला तर काही झालं तरी कापायचा नाही, आधी आत सोडायचा.

दोन हजार पाचची निवडणूक तोंडावर होती. एक पक्ष बोंबलत होता की बाहेरची माणसं फार झाली, आशियातली तर फारच, दारं लावा. आमच्याकडं रोज हाच विषय, आणि फोन करणारे सगळे एका सुरात, आम्ही टॅक्स भरतो, आम्ही कष्ट करतो, आम्हाला बोलणारे हे कोण. खरंच होतं ते. पण मग दुसरी बाजू कुठून आणायची? त्या पक्षाच्या माणसाला बोलावलं, तो येतो म्हणाला आणि आला नाही. मालक म्हणाले, आपल्यातलाच कुणी बघा, ज्याला वाटतं कमी माणसं घ्यावीत. मी म्हटलं त्यात काय, ढीगभर मिळतील, आपण आत आलो की मागच्याच्या तोंडावर दार लावायची आपली जुनी खोड आहे. जेवणाच्या ताटावर हेच बोलतात की सगळे, आता फार गर्दी झाली बाई, कुणीही यायला लागलंय. पण एकेकाला फोन केला तर सगळ्यांचं एकच. रेडिओवर? नको बाई, लोक काय म्हणतील.

रात्री जेवताना मी हे घरी सांगितलं. विरोधातला फोन कापायचा नाही असा नियम केलाय, पण दुसरी बाजू मिळतच नाही, उद्या परत तक्रार होणार. हे वरण कालवत होते. म्हणाले, त्या माणसानं नेमकं काय म्हणायचं असतं? मी म्हटलं, एवढंच की सरकारनं इतकी माणसं घेऊ नयेत. बरं म्हणाले आणि ताट उचलून सिंककडे गेले.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम रंगात आलेला, फोनचे सगळे दिवे पेटलेले, आणि मी एक फोन उचलला. हॅलो म्हणाले ते, एवढंच. अहो, आयुष्यभर आवाजावर पोट भरलेली बाई मी, मला काय कळणार नाही? मागं ट्रॉल्यांचा खडखडाट येत होता. मला एवढं सुचायला पाहिजे होतं की अहो, काय झालं, बरं आहे ना. आणि माझ्या तोंडातनं काय बाहेर पडलं माहितेय? आपलं नाव काय. आणि ह्यांनी सांगितलं, अरविंद. कुठून बोलताय. पापाकुराहून बोलतोय बाई. काय बोलणार. तर म्हणाले, विरोधात बोलायचंय. मी सगळं टाइप केलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सतीशभाईंनी आतनं काचेतून अंगठा दाखवला, विरोधातला माणूस मिळाला म्हणून, आणि फोन आत गेला.

हे हिंदीतनं बोलले, आपलं पुणेरी हिंदी, अडखळत. म्हणाले, सरकारनं इतकी माणसं घेऊ नयेत असं मला वाटतं, कारण मला घेतलं ते चुकलं. माझ्या डिग्रीचे मार्क मोजले आणि आत घेतलं, पण ह्या डिग्रीला इथं काम नाही हे कुणी सांगितलं नाही. मी ट्रॉल्या ढकलतो. त्या कामाची मला लाज नाही, मला घरी गेल्यावर शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून दुकानाचे कपडे बदलून मगच अंगणात जावं लागतं त्याची लाज वाटते. आणि आता माझा मेहुणा कायमची नोकरी सोडून इकडं यायला निघालाय, आणि त्याला खरं सांगणारं घरात कुणी नाही, म्हणून मी इथं सांगतोय.

माझ्यासमोर बटण होतं. दाबलं असतं तर लाइन गेली म्हणून खपून गेलं असतं. पण मालकांचा हुकूम होता, विरोधातला कापायचा नाही, आणि मी तिथं बसून माझ्याच घरातलं सगळं अख्ख्या ऑकलंडला ऐकू जाताना ऐकलं. आणि दुसऱ्या लायनींवर माणसं खोळंबली होती ती पण उचलली, नाव काय, कुठून बोलताय.

कार्यक्रम संपल्यावर सतीशभाई नाचतच बाहेर आले. दीदी, क्या आदमी मिला, बॅलन्स हो गया, इनका नंबर रखो, फिर बुलाएँगे. मी म्हटलं, नंबर नाही माझ्याकडं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं आजवर. पाणी देता का जरा.

त्या रविवारी मंडळात गणपतीची मीटिंग. सुलभाताई म्हणाल्या, अगं परवा रेडिओवर अगदी भाऊजींसारखा आवाज, मी चपापलेच. मी म्हटलं, आवाज असतात सारखे. हे बशी हातात घेऊन उभे होते, ते म्हणाले, मीच होतो. झालं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं पुस्तकात लिहितात ना, ते मला त्या दिवशी समजलं. मग एक गृहस्थ ह्यांच्याजवळ आले आणि हळूच विचारलं, तुमच्या दुकानात जागा आहे का, भाचा आलाय, तीन महिने घरात बसून आहे. आणि हे त्याला मॅनेजरचं नाव सांगायला लागले, एकदम मोकळे, हसतबिसत, आणि मी चटणीची वाटी धरून उभी.

विलासला मग मीच फोन केला. खरं सांगितलं सगळं. तो म्हणाला, ताई, मी तिथं नकोय तुला, सरळ सांग की, दाजींच्या नावावर कशाला ढकलतेस. माझं खोटं त्याला पटलं होतं, खरं पटेना. आला नाही तो, राजीनामा दिला नाही. कारखान्यात वर चढला, बरं चाललंय. पण राखीला फोन करते तर दोन शब्द बोलतो आणि आईकडं देतो.

आता चार वर्षं होऊन गेली. हे त्याच दुकानात आहेत, मालाची सगळी ऑर्डर तेच बघतात, आणि दुकानाच्या ड्रेसवरच भाजी घ्यायला सँडरिंगहॅमला उतरतात. लोक मला म्हणतात, भाऊजी किती सच्चे. मी हो म्हणते. मला त्यांच्या कामाची लाज वाटायची ती गेली, पण त्या जागी दुसरी येऊन बसलीय आणि ती काही जाईना. ज्या माणसानं वीस वर्षं माझ्याबरोबर संसार केला, त्याला त्याचं म्हणणं माझ्या कानावर घालायला रेडिओला फोन करावा लागला, आणि तेव्हाही मी त्याला विचारलं, आपलं नाव काय. एकदा मी त्यांना म्हटलं, घरी का नाही बोललात. ते म्हणाले, तिथं कापायचा नाही असा नियम होता ना.

जाऊ दे. चहा झाला वाटतं, तेच करतायत आत. तुम्ही लांबून आलात, एवढं ऐकून घेतलंत, देव तुमचं भलं करो. पण हे माझं एकटीचं नका छापू. ते रेकॉर्डिंगचं यंत्र चालूच ठेवा, मी ह्यांना पाठवते, त्यांना विचारा काय विचारायचं ते. आणि मी मागं अंगणात जाऊन बसते, म्हणजे मी ऐकतेय असं वाटून ते अडखळायला नकोत.