वीस मिनिटांचा तह

कोरियातल्या देजॉन शहरात नूडल्सच्या दुकानापुढे रांगेत मिरान उभी होती. तिच्या पुढचे दोन टक्कल पडलेले गृहस्थ कोपऱ्यावरच्या गेमिंग कॅफेत संगणकावर लढाईचा खेळ खेळून भांडतच आले होते.

"वीस मिनिटं कुणी कुणावर हल्ला करायचा नाही, असं ठरलं होतं की नाही, थेग्यू?"

"ठरलं होतं."

"मग एकोणिसाव्या मिनिटाला तुझी अंतराळयानं माझ्या तळावर कशी आली?"

"घड्याळ बघायचं राहिलं रे, बोंगशिक."

"लाज वाटू दे जरा! पंचवीस वर्षं हा खेळ खेळतोय आपण. फौजेत एका ताटात जेवलो, आणि तू शब्द मोडतोस?"

"एका मिनिटासाठी एवढा तमाशा?"

"प्रश्न मिनिटाचा नाही, इमानाचा आहे! माझे खाणकामगार बिचारे बेसावध होते. एकूण एक मारलेस!"

"पण तळ राखायला तुझा एकही रणगाडा कसा नव्हता? चाळीस बांधलेत म्हणून मघाशी शेखी मिरवत होतास ना?"

बोंगशिक दारावरचा मेनू वाचू लागला. मिरानने कान टवकारले.

"बोल की. कुठे होते रणगाडे?"

"तुझ्या दारात. पण विसावं मिनिट उलटायची वाट बघत उभे होते!"